'खेळणाऱ्याला काही होत नाही' हे खरं आहे का? ऑनलाइन सट्टा, गोठलेली खाती आणि कायदा

शनिवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या इमारतीचे वरचे दोन मजले आम्ही मुलांना कॉट बेसिसवर देतो. बहुतेक सगळी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, बीड, लातूर, नांदेडकडची. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकाचं बँक खातं गोठलं. मेसचे पैसे भरता येईनात तेव्हा तो माझ्याकडे आला आणि विषय कळला. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून व्यवहार थांबवले आहेत, एवढंच बँकेने त्याला सांगितलं.

मुलगा म्हणतो, "काकू, मी फक्त मॅचवर पैसे लावले. जिंकलेले साडेचार हजार खात्यात आले, बस्स. नवीन कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षाच नाही." त्याच खोलीतल्या दुसऱ्या एका मुलाने तर आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम महिन्याच्या पैशांवर कुणाला तरी वापरायला दिलंय. त्यालाही वाटतं की आपण कुठे खेळतोय, मग आपला काय संबंध?

दोघंही कष्टाळू आहेत. पहाटे पाचला उठून अभ्यासिकेत जागा धरतात. घरी कोरडवाहू शेती. यांच्या नावावर गुन्हा लागला तर सगळ्या वर्षांवर पाणी पडेल, म्हणून जीव वरखाली होतोय. कायदा नक्की काय म्हणतो? आणि जागेची मालकीण म्हणून माझ्यावर काही येतं का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. मी ते छापून जिन्यात लावणार आहे.

कोर्टाची_पायरी

ताई, मी शिवाजीनगर न्यायालयात फौजदारी कामं करते. तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि याच अर्ध्या सत्यावर विसंबून मुलं अडकतात. म्हणून जरा लांबण लावते.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचा कुठलाही ऑनलाइन खेळ उपलब्ध करून देणं हा त्यात गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरातीला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला पुन्हा ३ वर्षं आणि १ कोटी. नुसतं खेळणाऱ्यासाठी या कायद्यात शिक्षा नाही, हे खरं. सरकारने त्याला पीडित मानलं आहे.

आता त्यातली भाषा बघा. खेळ 'उपलब्ध करून देणं' एवढ्यावर कलम थांबत नाही. त्यासाठी मदत करणं, चिथावणं, प्रवृत्त करणं हेही त्यात आहे. मित्राला सट्ट्याच्या साइटचा आयडी काढून दिला, त्याचे पैसे आपल्या यूपीआयवरून पुढे पाठवले, वर थोडं कमिशन घेतलं, की तो मुलगा 'खेळणारा' उरत नाही. व्यवहारांच्या कलमात तर बँका आणि वित्तसंस्थांच्या बरोबरीने पैशांचा व्यवहार करून देणारी इतर कोणतीही व्यक्ती येते. खातं भाड्याने देणारा दुसरा मुलगा इथे बसतो. खेळ पुरवणं आणि त्याचे पैसे फिरवणं हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हा हक्क राहत नाही, न्यायालय देईल तेव्हा मिळतो.

जाहिरातीचंही तेच. रील टाकणं, टेलिग्राम ग्रुपवर लिंक फिरवणं, 'माझ्या कोडने जॉइन हो' म्हणणं. मुलांना हे पॉकेटमनीसारखं वाटतं. कायद्याच्या नजरेत ती जाहिरात ठरू शकते.

हा झाला केंद्राचा कायदा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. मटक्याच्या छाप्यांच्या बातमीत 'कलम ४ व ५' वाचता ना, तोच. कलम ४ अड्डा चालवणाऱ्यावर आणि जाणूनबुजून आपली जागा त्यासाठी वापरू देणाऱ्या मालकावर आहे. कलम ५ अड्ड्यावर सापडणाऱ्यांवर. जुगार चालू असताना तिथे जो सापडतो तो जुगारासाठीच आला होता असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं.

तुमच्यापुरतं: खोलीत एखादा मुलगा मोबाईलवर खेळतो एवढ्यावरून तुमची खोली अड्डा होत नाही. पण चार लॅपटॉप, वीस फोन मांडून कोणी दुसऱ्यांचे पैसे घ्यायला बसलं, ते तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही भाडं घेत राहिलात, तर कलम ४ तुमच्या दारात येतं. 'जाणूनबुजून' हा शब्द इथे निर्णायक आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे दिलेली ठेवा. संशय आला तर लेखी हरकत घ्या आणि त्याची पोच जपा.

गणिती

उत्तम माहिती. एका गोष्टीवर मात्र असहमत. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलं. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीबद्दलही तेच. मग संगणकावर आला म्हणून खेळाचा जुगार कसा होतो? पूर्वीच्या ॲपवर निदान केवायसी होतं, टीडीएस कापला जायचा, तक्रार करायला कुणीतरी होतं. ती बंद झाली आणि ही मुलं परदेशातून चालणाऱ्या, कुणालाच जबाबदार नसलेल्या साइटवर गेली. बंदीने मुलं वाचली असं मला वाटत नाही.

कोर्टाची_पायरी

गणिती, कौशल्याचा बचाव १८८७ च्या कायद्यात आहे, कलम १३. केंद्राच्या नव्या कायद्याने तो दरवाजा ठेवला नाही. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लावून पैसे मिळवण्याची अपेक्षा असेल तर तो बंदीत. हे घटनेत बसतं का, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत याचिका झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आपल्याकडे घेतल्या. धोरण म्हणून तुमचा मुद्दा वादासाठी रास्त आहे. पण आज ज्याच्या हाती नोटीस आली त्याला त्या वादाचा आधार नाही, एवढंच मला सांगायचंय.

अभ्यासिका_क्र_२

मी स्वतः पेठेत राहून तयारी करतोय, म्हणून आतलं सांगतो. मुलं ॲप स्टोअरवरून काही घेत नाहीत. टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर एक नंबर मिळतो. त्याला पैसे पाठवले की तो आयडी-पासवर्ड देतो. त्याच्या वर पॅनेलवाला, म्हणजे असे आयडी वाटायला देणारा, त्याच्या वर आणखी कोणी. मॅचला 'लगाई-खाई' (संघ जिंकेल किंवा हरेल यावर लावणं), सहा ओव्हरचं 'सेशन' (तेवढ्या ओव्हरमधल्या धावांवर लावणं), हे शब्द मेसमध्ये सर्रास ऐकू येतात. पैसे भरायचा खाते क्रमांक दर दोन दिवसांनी बदलतो. का बदलतो, हे कुणी विचारत नाही.

खातं देण्याला 'किट' म्हणतात. पासबुक, चेकबुक, एटीएम, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि खात्याला जोडलेलं सिम, सगळं एकत्र. चालू खातं असेल तर भाव जास्त. त्यासाठी मुलाच्या नावावर खोटं दुकान दाखवून नोंदणीही करून घेतात. मागणारा अनोळखी नसतो हेच वाईट. गावाकडचाच, एक-दोन वर्षांनी मोठा, आधी स्वतः तयारी केलेला. "जीएसटीसाठी थोडं फिरवायचंय" म्हणतो. महिन्याची मेस आणि अभ्यासिकेची फी निघते म्हटल्यावर नाही म्हणणं जड जातं.

गणिती सर, बंद झालेली ॲप चालू असती तर मुलं इकडे आली नसती हे मला पटत नाही. माझ्या ओळखीची दोन मुलं आधी त्या केवायसीवाल्या ॲपवरच हरली. ते भरून काढायला इकडे आली.

निवृत्त_शाखाधिकारी

मी राष्ट्रीयीकृत बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढली. साडेचार हजार जिंकलेल्या मुलाचं खातं का गोठलं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण इथे त्याने कुणालाच फसवलेलं नाही.

बेकायदा साइटला स्वतःचं खातं उघडता येत नाही. म्हणून ती भाड्याच्या खात्यांवर चालते. खेळणाऱ्यांचे पैसे एका भाड्याच्या खात्यात येतात, जिंकणाऱ्यांना दुसऱ्या भाड्याच्या खात्यातून जातात. आणि तीच खाती 'डिजिटल अटक', शेअर ट्रेडिंगचं आमिष, नोकरीचं आमिष अशा फसवणुकीचे पैसे पांगवायलाही वापरली जातात. सगळं पाणी एकाच टाकीत. नागपूरच्या किंवा चेन्नईच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचे दहा लाख गेले, त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, की तो पैसा कुठून कुठे गेला याची साखळी बँका शोधू लागतात. पहिलं खातं, त्यातून पैसे गेलेली पंधरा खाती, त्यांच्यातून पुढची शंभर. तुमच्या मुलाला 'जिंकलेले' म्हणून मिळालेले साडेचार हजार बहुधा अशा कुणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीचा तुकडा असणार. त्याला ते माहीत नव्हतं हे मान्य. पण साखळीत त्याचं नाव आलं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की हरणाऱ्याचे पैसे जातात आणि जिंकणाऱ्याचं खातं जातं. दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार, बँकेत हेलपाटे, आणि तेवढ्यात त्याच खात्यावर येणारी शिष्यवृत्ती किंवा वडिलांनी पाठवलेले पैसे अडकतात.

खातं देणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या खात्यातून लाखो फिरलेत, सही त्याची, सिम त्याचं. 'मला माहीत नव्हतं' हे चौकशीत फार टिकत नाही, कारण महिन्याचे पैसे त्याला कशाबद्दल मिळत होते?

कोर्टाची_पायरी

काकांनी नेमकं सांगितलं. त्यात कायद्याची भर घालते. खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे फसवणूक, लागू शकतं. शिवाय कलम ११२ बघा. टोळीचा भाग म्हणून केलेली चोरी, फसवणूक, अनधिकृत सट्टा किंवा जुगार यांना त्यात किरकोळ संघटित गुन्हेगारी म्हटलंय. नाव 'किरकोळ' असलं तरी शिक्षा किमान १ वर्ष, कमाल ७ वर्षं. रक्कम मोठी निघाली आणि ईडी आली तर मनी लाँडरिंगच्या कायद्यात ३ ते ७ वर्षं.

आणि हे दूर कुठे घडतं असं समजू नका. मे २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावात, महादेव या ऑनलाइन सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात पोलिसांनी एका इमारतीवर छापा घातला. नव्वदच्या आसपास लोक ताब्यात घेतले होते, बहुतेक पगारावर बसवलेली तरुण पोरं. "मी फक्त कॉम्प्युटरवर नोंदी करत होतो" हे वाक्य अशा प्रकरणांत मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि दर वेळी समोर बसलेल्या आईकडे बघवत नाही.

मुळाकाठ

प्रश्न: व्हीपीएन लावून खेळलं तर? आणि कॅम्पातल्या रेसकोर्सवर उघड पैसे लागतात, ते कसं चालतं?

कोर्टाची_पायरी

रेसकोर्सवर परवाना असतो. परवानाधारक कोर्सवर, ठरलेल्या पद्धतीने लावलेला पैसा कायद्यात बसतो. त्याच शर्यतीवर बाहेर बुकीकडे लावला तर नाही. राज्याची लॉटरीही तशीच, कायद्याने चालणारी.

व्हीपीएन वापरणं हा भारतात स्वतःहून गुन्हा नाही. पण त्याने लपतं काय? पैसा तुमच्याच खात्यातून, तुमच्याच यूपीआयवरून गेलाय. तपास आयपी पत्त्यापासून नव्हे, बँकेच्या पासबुकापासून सुरू होतो. उलट ब्लॉक केलेली साइट तुम्ही मुद्दाम वळसा घालून उघडली, म्हणजे बंदी ठाऊक होती, असा अर्थ काढला जाऊ शकतो.

तोआ_पायो

सिंगापूरहून लिहितेय, मूळची कोथरूडची. इथला कायदा खेळणाऱ्यालाही सोडत नाही. २०२२ च्या कायद्यानुसार परवाना नसलेल्या सेवेवर जुगार खेळणाऱ्याला १० हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इथे नव्याने आलेली आपली मुलं भारतातला आयडी इथूनही वापरत राहतात, 'साइट तर भारतातली आहे' म्हणून. वर्क पासवर आलेल्या माणसासाठी शिक्षा म्हणजे नोकरी आणि राहण्याची परवानगी दोन्ही पणाला. पुण्यातून बाहेर जाणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

कोर्टाची_पायरी

भारतातही राज्य बदललं की चित्र बदलतं. तामिळनाडूच्या २०२२ च्या कायद्यात खेळणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड आहे. तेलंगणानेही २०१७ मध्येच आपला जुगाराचा कायदा बदलून ऑनलाइन खेळ त्यात आणले. हिंजवडीतून हैदराबाद-चेन्नईला बदलून जाणाऱ्या आयटीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

करसल्लागार_डेक्कन

माझ्याकडे दर जुलैत असे दोन-तीन जण येतातच, म्हणून थोडक्यात. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के आयकर, वर सेस. उत्पन्न बेकायदा मार्गाने आलं म्हणून करातून सुटत नाही. आणि हरलेली रक्कम पगारातून किंवा धंद्यातून वजा करता येत नाही. परदेशी साइट टीडीएस कापत नाही, त्यामुळे नोटीस आली की कर, व्याज आणि दंड सगळं एकदम.

परदेशात पैसे पाठवण्याचा वेगळा कायदा आहे, फेमा. लॉटरी, स्वीपस्टेक, फुटबॉल पूल यांसाठी पैसे बाहेर पाठवायला २००० सालच्या नियमांतच मनाई आहे. फेमाच्या उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. क्रिप्टोने पाठवले म्हणजे सुटलो, असा सल्ला कुणी देत असेल तर त्यापासून लांब राहा.

वारजेकर_७१

माझ्या धाकट्या भावाचं साइटकडे दोन लाखांवर येणं होतं. काढायला गेला तर आधी 'टॅक्स' भरा म्हणाले. तो भरला, मग 'व्हेरिफिकेशन फी'. पुढे आयडीच बंद. हे पैसे कोर्टातून मिळतील का? आणि त्याने खेळायला आठवड्याला दहा टक्क्यांनी पैसे घेतले होते, तो माणूस आता घरी येऊन बसतो. वहिनी माहेरी गेली आहे.

कोर्टाची_पायरी

वारजेकर दादा, वाईट वाटलं वाचून. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पैजेचा करार कायद्याने शून्य. भारतीय करार कायदा, कलम ३०. जिंकलेली रक्कम द्या म्हणून दावा चालत नाही. 'टॅक्स' आणि 'फी' म्हणून उकळलेले पैसे मात्र फसवणूक आहे. त्याची तक्रार १९३० वर आणि सायबर पोर्टलवर लगेच करा. तिथे आपण खेळत होतो हे लपवू नका. नंतर उघड झालं की तक्रारीवरचा विश्वास जातो.

आता सावकार. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा एक कायदा आहे. त्याने पैजेचाच नव्हे, पैजेला पूरक म्हणून केलेला करारही शून्य ठरतो. म्हणजे जुगारासाठी आहे हे जाणून दिलेलं कर्ज वसूल करायला न्यायालय मदत करत नाही. इतर अनेक राज्यांत तसं नाही, आपल्याकडे आहे. शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात लेखी अर्ज द्या. घरी येऊन धमकावतो त्याची वेगळी तक्रार पोलीस ठाण्यात. भावाला एकटं पाठवू नका, सोबत जा.

समुपदेशक_येरवडा

वारजेकर, भावाची झोप, खाणं याकडे लक्ष ठेवा. 'सुटलो तर बरं' असं काही तो बोलत असेल तर ते हलक्यात घेऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जुगाराची ओढ हा मानसोपचारात मान्य असलेला आजार आहे, त्यावर उपचार आहेत. घरच्यांनी कर्ज फेडून टाकलं की प्रश्न संपेल असं वाटतं. बऱ्याचदा त्यामुळे पुढचं कर्ज काढायला जागा होते. पैशांचा ताबा काही काळ घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्या.

अभ्यासिका_क्र_२

कोर्टाची_पायरी ताई, आम्हा मुलांच्या मनातला खरा प्रश्न: सट्ट्याची केस असेल तर सरकारी नोकरी जाते का? नोकरीत असलेल्यांनाही त्रास होतो का?

कोर्टाची_पायरी

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून घेतात. त्यात अटक, गुन्हा, खटला याबद्दल विचारलेलं असतं. मग चारित्र्य पडताळणी. किरकोळ गुन्ह्यावरून उमेदवारी आपोआप रद्द होतेच असं नाही. पण लपवलं, तर लपवणं हेच कारण पुरतं. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचे निकष सांगितलेत: गुन्ह्याचं स्वरूप, निकाल, आणि उमेदवाराने खरं सांगितलं की नाही. म्हणून जे विचारलंय ते खरं लिहा. फसवणुकीचा खटला प्रलंबित असेल तर मात्र नेमणूक अडू शकते, हेही स्पष्ट सांगते.

नोकरीतल्यांचं उदाहरण आपल्या शेजारचंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला फँटसी क्रिकेटवर दीड कोटी लागले आणि काही दिवसांत तो निलंबित झाला. तेव्हा ते ॲप बंदही नव्हतं. वर्तणुकीचे नियम फौजदारी कायद्यापेक्षा कडक असतात.

शनिवारपेठकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही मुलांना समोर बसवून हा धागा वाचून दाखवला. खातं दिलेला मुलगा आता घाबरलाय. म्हणतो सगळे चॅट पुसून टाकतो आणि गावी जातो. त्याने नक्की काय करावं? आणि पहिल्याच्या खात्याचं काय?

कोर्टाची_पायरी

ताई, चॅट पुसू देऊ नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २३८. आणि तेच चॅट दाखवतील की किट मागणारा कोण होता, मुलाला किती मिळत होतं, तो कुठल्या पायरीवर होता. आजच बँकेत जाऊन खातं, कार्ड, नेटबँकिंग बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. सिम बंद करून स्वतःच्या ओळखपत्रावर बदलून घ्यावं. मग वकील सोबत घेऊन सायबर पोलीस ठाण्यात स्वतःहून माहिती द्यावी. काय बोलायचं ते आधी त्या वकिलाशी ठरवा, इथे उघड लिहू नका.

नोटीस आली तर कलम बघा. नागरिक सुरक्षा संहितेचं १७९ म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावलंय. ९४ म्हणजे कागदपत्रं मागितली आहेत. ३५(३) म्हणजे संशयित म्हणून हजर राहायचंय, पण सहकार्य केलं तर सहसा अटक टळते. ती नोटीस येऊनही गावी निघून जाणं म्हणजे अटकेचं कारण हाताने देणं. फी परवडत नसेल तर शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो.

निवृत्त_शाखाधिकारी

पहिल्या मुलासाठी: बँकेतून तीन गोष्टी लेखी मागा. तक्रार क्रमांक, कोणत्या पोलीस ठाण्याने कळवलं, आणि वादातली नेमकी रक्कम किती. ती साडेचार हजारच असेल तर तेवढीच रोखून बाकी खातं मोकळं करा असा अर्ज त्या तपास अधिकाऱ्याला आणि बँकेला एकाच वेळी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणात वादातल्या रकमेपुरतंच रोखण्याचे निर्देश दिले होते. त्याचा दाखला अर्जात घाला. बंधनकारक केरळपुरता असला तरी अधिकारी विचार करतात. साइटवर पैसे भरल्याचे आणि परत आल्याचे स्क्रीनशॉट जोडायचे की नाही हे मात्र वकिलांना विचारून.

अर्जाचा मराठी आणि इंग्रजी मसुदा माझ्याकडे तयार आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आज संध्याकाळी पाठवतो. खाते क्रमांक किंवा मुलाचं नाव इथे टाकू नका.